भंडारा न उचललेली बाई

"हात कडबाकुट्टीच्या मशिनीत गेला, साहेब," आनंदा थोरवत साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाला.

त्याच्या सदऱ्याची उजवी बाही वर दुमडून तिला सेफ्टी पिन लावलेली होती. आत हात नव्हता. मी सरकारी वकील, तो माझा साक्षीदार, आणि ज्याचा हात तोडला गेला तोसुद्धा तोच. माझ्या समोरच्या कागदात डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, कोयत्यासारख्या धारदार हत्याराचे घाव.

"कडबाकुट्टी खांद्यावर वरून खाली वार करते का हो?" मी विचारलं.

"माझी करती बगा."

कोर्टात मागे बसलेली गावची मंडळी खिदळली. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचा चुलतभाऊ जालिंदर उभा होता, तोही हसला.

"विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून जालिंदरनं तुमच्यावर कोयता चालवला, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतंत ना?"

"न्हाई सांगितलं."

"मग काय पोलिसांना स्वप्न पडलं?"

"त्ये त्यांस्नी इचारा, बाई."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पंच फितूर झाले, शेजारी फितूर झाला, तिथवर मी समजू शकत होते. पण स्वतःचा हात गमावलेला माणूस पिन लावलेली बाही घेऊन तोडणाऱ्यालाच वाचवतो, हे मी कोकणात कधी पाहिलं नव्हतं. मी आनंदाला फितूर जाहीर करून घेतलं आणि खाली बसले.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. मी चिपळूणकडची. तिथे सात वर्षं सरकारी वकिली करून घाटावरच्या या जिल्ह्यात बदली होऊन आले होते. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. आमच्या कोकणातला माणूस बांधाच्या एका दगडासाठी तीन पिढ्या कोर्टात येईल, पण साक्षीला उभा राहिला की जे पाहिलं ते बोलेल, वर दोन शिव्या जास्त घालून बोलेल. त्या जोरावर आमच्याकडे शिक्षा लागायच्या. इथे आले तर दर महिन्याच्या बैठकीत भिंतीवर तक्ता लावलेला. कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश, प्रत्येक जिल्ह्यात शंभर खटल्यांमागे शिक्षा किती. आणि आमचा जिल्हा तळाला. वरून आलेले साहेब छडीने त्या तळाच्या ओळीवर टकटक करायचे आणि आम्ही सगळे शाळकरी पोरांसारखे माना खाली घालून बसायचो.

आमचे प्रमुख बर्गे साहेब मात्र मान खाली घालत नसत. निवृत्तीला आलेला, पान खाणारा, गोड बोलणारा माणूस. त्यांना एकच नाद होता. इंग्रजांच्या अमदानीपासूनचे पोलीस खात्याचे छापील अहवाल कुठून कुठून मिळवून त्यांनी सगळ्या प्रांतांचे आकडे एकाखाली एक मांडले होते.

"बघा, विद्याताई," ते मला म्हणाले. "गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा हा मुलूख तळाला. स्वराज्य आलं, तरी तळाला. दुष्काळ आला, धरण आलं, ऊस आला, आपली जागा काही हलली नाही. आणि तुम्ही म्हणता वकील आळशी आहेत."

"आहेतच," मी म्हटलं. मी तेव्हा फार फटकळ होते. आता नाही असं नाही.

"हे घ्या, भरा," म्हणून ते महिन्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवायचे. त्यात एक रकाना होता, आरोपी सुटण्याचं कारण. त्या रकान्यात आमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं दोनच शब्द पडत होते, साक्षीदार फितूर.

त्यामागचं कारण मला मुजावर हवालदारांनी सांगितलं. ते साक्षीदारांना कोर्टात आणायचं काम बघत. आनंदाची साक्ष झाली त्याच दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, त्याच्यावर रागावू नका. त्यानं भंडारा उचललाय."

"म्हणजे?"

"ह्यांच्या गावात, माळखिंडीत, खंडोबाचं देऊळ आहे. फार पूर्वी तिथल्या एका भांडणात गावातलीच चार माणसं फासावर गेली, साक्ष गावातल्यांनीच दिली. चार घरं बसली. तेव्हा गावानं देवळात बसून ठरवलं, इथून पुढं गावचं माणूस गावच्या माणसाला आपल्या तोंडानं तुरुंगात धाडणार नाही. पोराला मिसरूड फुटलं की देवापुढं हळदीचा बेलभंडारा उचलून तशी शपथ घ्यायची. सून लग्न होऊन आली की पहिल्या देवदर्शनाला तिनं उचलायचा. बोललं तर वंश बुडतो. ह्या खोऱ्यात कितीतरी गावांत असंच आहे."

"आणि इथे कोर्टात ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणतात, ते काय?"

"ती सरकारी शपथ, मॅडम. तिला कोण भितंय?"

मी हातातलं पेन आपटलं. बर्गे साहेबांचे शंभर वर्षांचे आकडे, वरच्या साहेबांची छडी, आमच्या बैठका, सगळं एका मूठभर हळदीपुढे गारद झालं होतं.

"मुली?" मी विचारलं. "लेकींचं काय?"

"लेकी परक्या घरी जायच्या. त्यांना कुणी विचारत नाही."

आमच्या यादीत शेवटचं नाव आनंदाच्या बायकोचं होतं, शालन. बर्गे साहेब म्हणाले होते, तिला सोडून द्या, नवरा फितूर झाल्यावर बायको काय बोलणार? मीही सोडणारच होते. जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टामागच्या नळावर डबा धुवायला गेले, तर ती तिथे माझी वाट बघत उभी होती. काळीसावळी, हाडापेराची मजबूत, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला.

"वकीलीणबाई, मला उभी करा," ती म्हणाली.

"कशाला? तुमच्या मालकांसारखा तमाशा करायला?"

"त्येंनी भंडारा उचललाय. म्या न्हाई."

मी डबा खाली ठेवला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"लगीन होऊन आले आन् देवाला गेलो, त्याच सकाळी मी बाहेरची झाले. सासूनं पायरीवरच थांबवलं. म्हणली, गप ऱ्हा, बोभाटा नको, पुढल्या खेपंला उचल. पुढली खेप आलीच न्हाई. सासू गेली. गावाला वाटतंय मी उचललाय."

"बाई, तुमच्या लक्षात येतंय का तुम्ही काय म्हणताय?"

"येतंय की. मला काय येडी समजता का?" तिने पदराने डोळे कोरडे केले. "हात ह्यांचा गेला, पर राबायचं मी. त्यो जालिंदर रोज माझ्या दारावरनं मिशीला पीळ देत जातो. परवा माझ्या पोरीला म्हणतो, तुझ्या बाचा एक हात ऱ्हायलाय अजून. आता ह्यावर गप बसू? माझ्या डोळ्यांदेखत तोडलाय त्येनं. मी आडवी झाले म्हणून मान वाचली."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. खरं सांगते, त्या जिल्ह्यात आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शालन उभी राहिली आणि बोलली. कोयता कुठल्या हातात होता, आनंदा कुठे पडला, जालिंदर पळताना कुणाच्या उसात शिरला, सगळं. मागच्या बाकांवरचं खिदळणं थांबलं. आनंदा दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

जालिंदरचे वकील घाडगे मुरलेले. त्यांनी उलटतपासाला सुरुवातच देवापासून केली.

"खंडोबाला मानता ना, बाई?"

"मानते की."

"तुमच्या गावात सून आली की देवळात जाऊन भंडारा उचलते. त्या देवाला स्मरून सांगा, तुम्ही सांगताय ते खरं आहे?"

त्यांना वाटलं, देवाचं नाव काढलं की बाई चळाचळा कापेल. शालनने त्यांच्याकडे न बघता मागे बसलेल्या गावाकडे बघितलं.

"म्या भंडारा उचललेला न्हाई. त्या दिवशी मी बाहेरची व्हते. पायरीवर व्हते."

भर कोर्टात, इतक्या पुरुषांसमोर एका बाईने हे बोलावं! घाडगे वकिलांनी घसा खाकरला, कागद चाळले आणि भलतंच काही विचारलं. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मागच्या बाकावर जालिंदरचा धाकटा भाऊ लहू बसला होता. तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानाला लागला आणि म्हाताऱ्याने सावकाश मान हलवली.

जालिंदरला सक्तमजुरी लागली. माळखिंडीतून तुरुंगात गेलेला कुणाच्याही आठवणीतला तो पहिला माणूस. महिन्याच्या बैठकीत वरच्या साहेबांनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. "हे कोकणचं पाणी," ते म्हणाले. बर्गे साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पण बाहेर आल्यावर मला विचारलं, "ती बाई राहते कुठं आता?"

"घरीच. तिथेच."

"हं," ते म्हणाले आणि पानाची पिंक टाकायला खिडकीकडे गेले.

निकालानंतर काही आठवड्यांनी शालन मला भेटायला आली. फडक्यात बांधून ओल्या शेंगा आणल्या होत्या आणि बरोबर लेक होती, सारिका. दुसरीत जाणारी, पुढचे दोन दात पडलेली. पोरगी आल्यापासून बोलतच होती. आमच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक पिल्लू आंधळं आहे, बाई, तुमच्या कोटाला किती खिसे आहेत?

"हिचं तोंड लई चालतंय," शालन कौतुकाने म्हणाली. "पोटात कायबी ऱ्हात न्हाई."

"गावात कसं आहे?" मी विचारलं.

तिने शेंगा सोलायला घेतल्या. "कसं असणार? गिरणीत दळण घेत न्हाईत. ह्ये माझ्याशी बोलत न्हाईत. परवा मानकरी मंडळी दारात आलती. म्हणली, झालं त्ये झालं, चूक सासूची, तुझी न्हाई. आता चल आन् उचल भंडारा. म्हंजी गावात तू आमची."

"मग?"

"मी म्हणलं, न्हाई उचलत. समद्या गावात माझं एकटीचं तोंड मोकळं हाय. त्ये पण बांदून घिऊ?"

मला भीती वाटली आणि मी ती बोलूनही दाखवली. "शालन, थोडे दिवस माहेरी जा. ऐक माझं."

"का म्हणून? आमच्या वाटणीचं पाणी सोडून? मी गेले की विहीर लहूनं घेतलीच म्हणून समजा." मग ती हसली. "तुमीच तर मला उभी केली आन् आता तुमीच भिता व्हय? काय करत्याल, मारून टाकत्याल?"

मी पोलिसांकडे लेखी मागणी केली. तिच्या दारात काही दिवस एक शिपाई बसला. मग गणपतीचा बंदोबस्त लागला आणि तो उठला.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुजावर हवालदार कचेरीत आले. टोपी हातात होती.

"मॅडम, शालन गेली."

"माहेरी?" मी विचारलं. इतकी मूर्ख मी.

"विहिरीत."

पाय घसरला, असं सगळ्या गावाने सांगितलं. आनंदानेही तेच सांगितलं. पाणी ओढताना पाय घसरला. ज्या विहिरीच्या पाण्यावरून त्याचा हात गेला होता, त्याच विहिरीवर. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण शालनचा भाऊ दिवसांना आला होता, त्याच्या मांडीवर बसून सारिका बोलली. लहूकाका आला. आईला म्हणाला, उचलतीस का न्हाई? आई न्हाई म्हणाली. मग त्याने ढकललं. मी चिंचंखाली होते.

मामाने तिला तसंच उचलून पोलीस ठाण्यात नेलं. लहूला अटक झाली. मामाने पोरीला आपल्याकडे ठेवायचा फार प्रयत्न केला, पण आनंदा चार माणसं घेऊन गेला. बाप आहे मी, माझी पोर आहे, म्हणाला आणि परत माळखिंडीला घेऊन आला. कायद्याने तो बापच होता.

खटला उभा राहीपर्यंत वर्ष उलटलं. पंच फितूर झाले. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या दोन्ही बायका फितूर झाल्या. आनंदाने पुन्हा तीच पिन लावलेली बाही घालून सांगितलं, "पाय घसरला, साहेब." मी त्याच्याकडे बघून ओरडले, "अहो, बायको होती तुमची!" न्यायाधीशांनी मला आवरायला सांगितलं. आनंदाने डाव्या हाताने बाहीची पिन घट्ट धरली. मला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली, आणि ती आली म्हणून आणखी संताप आला.

राहिली सारिका.

"पोरीला उभी करू नका," बर्गे साहेब म्हणाले.

"का? लेकींना भंडारा नसतो. त्या गावात आता बोलू शकणारी ती एकटी आहे."

"तिची आईही एकटीच होती, विद्याताई."

पण लहूला मोकळं सोडायचं म्हटलं तर पोरगी त्याच्याच शेजारी वाढणार होती. त्याला शिक्षा लागली तरच ती वाचेल, असं मला वाटत होतं, आणि आजही दुसरा मार्ग मला दिसत नाही. तिला साक्षीनंतर मामाकडे पाठवावं असा अर्ज मी तयार करून ठेवला होता.

त्या सकाळी मुजावर तिला घेऊन आले. ती वाढली होती. पुढचे दात आले होते. दोन घट्ट वेण्या, नवा फ्रॉक. मी खाली बसून तिच्या गालाला हात लावला.

"सारिका, ओळखलंस का मला? आंधळं पिल्लू कसं आहे तुझं?"

हाताच्या मुठी तिने घट्ट मिटून पोटाशी धरल्या होत्या.

"रस्ताभर एक शब्द नाही काढला हिनं," मुजावर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

न्यायाधीश नवीन होते, नागपूरकडचे, शांत आणि मायाळू गृहस्थ. लहान मुलाची साक्ष घेण्याआधी त्याला खरं-खोटं कळतं का, हे विचारावं लागतं. पिंजऱ्याच्या कठड्यावरून पोरीचं डोकं दिसेना, म्हणून त्यांनी तिला स्वतःच्या शेजारी खुर्चीवर बसवलं.

"नाव काय बाळा तुझं?"

"सारिका आनंदा थोरवत."

"शाळेत जातेस?"

मान हलली.

"बरं. शपथ म्हणजे काय, माहीत आहे?"

पोरीने पोटाशी धरलेल्या मुठी पुढे आणल्या आणि उघडल्या. दोन्ही तळहात पिवळेजर्द होते. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला हळद बसली होती.

मी मागे वळून बघितलं. बाकांवर माळखिंडी बसली होती, कोपऱ्यात आनंदा, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. शालनने त्यांच्या शपथेत दाखवून दिलेलं भोक त्यांनी बुजवलं होतं. गावाच्या इतिहासात कुठल्या लेकीने उचलला नव्हता, तो यांनी तिसरीतल्या पोरीला उचलायला लावला होता.

न्यायाधीशांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. "अरे वा, हळद?" ते म्हणाले. "घरी कुणाचं लग्न आहे वाटतं?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"बरं, खोटं बोललं तर काय होतं, सांग."

"पाप लागतं."

"शाब्बास. आणि खरं बोललं तर?"

ती बापाकडे बघत राहिली. आनंदाने डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं.

"हिरीत पडतं," सारिका म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. घाडगे वकील हरकत घ्यायला उठले होते, ते तसेच अर्धवट उभे राहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात लहू आपल्या पायांकडे बघत होता.

"विचारा, मॅडम," चष्मा परत लावून न्यायाधीश मला म्हणाले.

मी उठले. जवळ गेले. तिचे ते दोन हात अजून तसेच उघडे होते, कुणी मिटायला सांगितलं नव्हतं म्हणून. मी ते माझ्या हातांनी मिटवले. हळद माझ्याही बोटांना लागली.

"तुझ्या आईचं नाव काय गं?" मी विचारलं.

"शालन."

"विहिरीवर काय झालं, बाळा?"

"पाय घसरला."

मी आणखी काही विचारलं नाही. लहू सुटला. माझा अर्ज मात्र न्यायाधीशांनी मंजूर केला. आनंदाने विरोध केला नाही. मामा तिला घेऊन निघाला तेव्हा तो पायऱ्यांवर उभा होता, आणि पोरगी दिसेनाशी झाली तरी तिथेच उभा राहिला.

महिन्याअखेरीला तक्ता भरायला बसले. खटल्याचा क्रमांक लिहिला, आरोपीचं नाव लिहिलं, निकाल लिहिला. मग सुटण्याच्या कारणाचा रकाना आला आणि माझा हात चालेना. तिसरीतल्या पोरीच्या नावापुढे ते दोन शब्द मला लिहवेनात. मी पेन धरून नुसती बसले आणि रडले, कचेरीत, सगळ्यांसमोर.

बर्गे साहेब उठून माझ्या टेबलाशी आले. त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि आपल्या वळणदार अक्षरात त्या रकान्यात लिहिलं, साक्षीदार फितूर. मग तक्ता वाळू दिला आणि पाकिटात घालून वर पाठवून दिला.